ज्या मुलाला चाचणी देताच येत नाही

‘सॅम्पलमध्ये कोण आहे हे सगळेच बघतात, कोण नाही ते तू बघ,’ असं आमचे सर सारखं म्हणतात. सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीचा इतिहास वाचताना ते मला खऱ्या अर्थाने कळलं.

ही थेरपी तुम्ही पाहिली असेल: छताला टांगलेला झोपाळा, उतरती फळी, गाद्या, आणि मुलाच्या कलाने खेळ घेणारी थेरपिस्ट. यामागचा विचार जीन एअर्स यांचा. कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, 1961 साली शैक्षणिक मानसशास्त्रात पीएचडी. स्पर्श, कानाच्या आतल्या भागातून येणारी तोलाची जाणीव आणि स्नायू-सांध्यांतून कळणारं स्वतःचं शरीर, यांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही तर शिकणंही अडतं, असं त्यांचं म्हणणं.

हे त्यांनी काढलं कशावरून? चाचण्यांवरून. मुलांकडून कितीतरी चाचण्या करून घ्यायच्या, मग फॅक्टर अ‍ॅनालिसिसने कोणते गुण एकत्र वर-खाली होतात ते बघायचं. 1972 मध्ये त्यांचं मुख्य पुस्तक आलं. पण चाचणी द्यायची तर मुलाने बसायला हवं, सूचना कळायला हव्यात. जे मूल बोलत नाही, स्वतःहून बसू शकत नाही, वर फिट्स येतात, ते इथे गळालंच. आणि थेरपीला पाठवलं जातं, त्यात असंही मूल असतं!

एअर्स यांना याची जाणीव नव्हती असं मी म्हणणार नाही. 1980 मध्ये त्यांनी टिकल यांच्यासोबत 10 स्वमग्न मुलांचा अभ्यास छापला. त्यात स्पर्शाला, हालचालीला मूल कसा प्रतिसाद देतं याच्या नोंदी होत्या. जास्त तीव्र प्रतिसाद देणाऱ्या मुलांना थेरपीचा उपयोग अधिक झालेला दिसला. सॅम्पल अगदी लहान, पण मला हा पेपर फार आवडतो.

पुढे मोठे प्रयोग झाले, गाळणी मात्र राहिली. शाफ आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या चाचणीत 32 स्वमग्न मुलं होती, निकाल थेरपीच्या बाजूने. पण प्रवेशाची अट बघा: अशाब्दिक बौद्धिक पातळी 65 च्या वर. ब्रिटनमधल्या 2022 च्या सेनिटा चाचणीत 138 मुलं होती. चिडचिड आणि वर्तन यांत नेहमीच्या सेवेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. निकाल उलटसुलट का, यावर वाद घालण्याआधी दोन्हीकडची मोजपट्टी वेगळी होती हे लक्षात घ्या.

शाफ यांची पट्टी होती गोल अटेनमेंट स्केलिंग. मूळची 1968 ची, मानसिक आरोग्य क्षेत्रातली. प्रत्येक मुलाचं ध्येय आधीच ठरवायचं, उदाहरणार्थ, रडारड न करता शर्ट घालू देणं. मग उणे 2 ते अधिक 2 अशा पाच पायऱ्या लिहून ठेवायच्या. म्हणजे बहुविकलांग मुलालाही ही पट्टी लागू शकते, त्याला टेबलाशी बसवावं लागत नाही. अडचण पुढे येते. घरी काय घडलं हे सांगणार आई-बाबा, आणि मूल कोणत्या गटात आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं.