फुटहिल कॉलेज

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील एक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. ते सांता क्लारा परगण्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे 60 किमी. अंतरावर, लॉस ऑल्टोस हिल्स येथील टेकड्यांवर वसले आहे. शाळा संपवून आलेल्या कोणालाही येथे प्रवेश मिळतो. दोन वर्षे शिकून विद्यार्थी नोकरीची वाट धरतात किंवा विद्यापीठात जातात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना अशा महाविद्यालयांत 1984 पर्यंत शिक्षण जवळजवळ मोफत होते.

महाविद्यालयाच्या जिल्हा मंडळाची स्थापना 1957 मध्ये झाली. पहिले वर्ग 1958 मध्ये माउंटन व्ह्यू गावातील एका जुन्या शाळेत भरले. सध्याच्या जागेत ते 1961 मध्ये आले. पहिले प्रमुख कॅल्विन फ्लिंट.

परिसराचा आराखडा अर्नेस्ट कम्प यांनी मास्टेन अँड हर्ड या वास्तुसंस्थेच्या साहाय्याने केला. कम्प हे मुळात शाळा बांधणारे वास्तुविशारद. लाफायेट येथील अकालेनीस हायस्कूल ही त्यांची 1940 च्या सुमाराची रचना गाजली होती. वर्गात दोन्ही बाजूंनी उजेड यावा हा त्यांचा जुना ध्यास. फुटहिलला त्यांनी एकच मोठी इमारत उभारण्याचे टाळले. ठरावीक मापाचा एक घटक घेऊन तो पुन्हापुन्हा योजला. कोपऱ्यांवर काँक्रीटचे जाड खांब, मध्ये रेडवूडच्या भिंती, वर चारही बाजूंना उतरणारे लाकडी कौलांचे छप्पर आणि भिंतींपुढे बरेच आलेले छज्जे. भार खांबांवर असल्याने आतल्या भिंती गरजेप्रमाणे हलवता येतात. आज वर्ग, उद्या प्रयोगशाळा. छज्ज्यांखालून एका दालनातून दुसऱ्याकडे सावलीत जाता येते, तिथे ओसरीचा भास होतो. छपरांच्या ठेवणीत जपानी वास्तुकलेची छाया अनेकांना दिसते. स्थानिक लाकडाची परंपरा मात्र तितकीच ठळक आहे.

टेकडीचा माथा पायी चालणाऱ्यांसाठी राखून मोटारी पायथ्याशी थांबवल्या, हा या आराखड्यातला सर्वांत शहाणा निर्णय. घरटी मोटार असलेल्या उपनगरात तो सोपा नव्हता. विद्यार्थ्याला चढ चढावा लागतो, पण वर आल्यावर चौक, हिरवळ आणि वळणावळणाच्या वाटा लागतात. ही भूरचना सासाकी, वॉकर अँड असोसिएट्स या संस्थेची. मातीचे उंचवटे करून तिने इमारतींमधल्या मोकळ्या जागांना आकार दिला. व्यायाम व क्रीडा विभाग शेजारच्या टेकडीवर असून दोन्ही टेकड्या पादचारी पुलाने जोडल्या आहेत. या रचनेला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने गौरवले.

परिसरातील सर्वांत जुनी वास्तू मात्र कम्प यांच्या आधीची आहे. डबाबंद फळांच्या धंद्यातील उद्योजक विलर्ड ग्रिफिन यांचा 1901 मधील बंगला व त्याची बग्गीखान्याची इमारत यांची 1977 मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. नव्या शतकात मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांच्या पैशातून दुरुस्त्या व नव्या इमारती झाल्या; मूळ घटकांची शिस्त त्यांत सर्वत्र टिकलेली नाही.

याच मंडळाचे दुसरे महाविद्यालय, डी ॲन्झा, 1967 मध्ये कूपर्टिनो येथे सुरू झाले. तेथील फ्लिंट सेंटर या नाट्यगृहात 24 जानेवारी 1984 रोजी ॲपलचा मॅकिन्टॉश संगणक प्रथम लोकांपुढे आला. हे नाट्यगृह 2019 मध्ये बंद झाले.