प्रतिकारपेशींचा चयापचय व कर्करोगावरील इम्युनोथेरपी

प्रतिकारपेशींचा चयापचय व कर्करोगावरील इम्युनोथेरपी : कर्करोगाशी लढणाऱ्या प्रतिकारपेशी कोणती पोषकद्रव्ये घेतात आणि त्यांपासून ऊर्जा कशी मिळवतात, हे जाणून त्या प्रक्रियेत औषधाने वा जनुकीय बदलाने हस्तक्षेप करणारी संशोधनशाखा. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध लढवणाऱ्या उपचाराचा, गुण अधिक रुग्णांना यावा व तो टिकावा, हा तिचा हेतू. तिचे मुख्य लक्ष कर्कपेशींना थेट मारणाऱ्या सीडी-८ टी-पेशींवर असते.

पार्श्वभूमी : टी-पेशींच्या पृष्ठभागावर त्यांना आवरून धरणारे सीटीएलए-४ व पीडी-१ हे ग्राही असतात. ते निष्प्रभ करून टी-पेशींना मोकळे सोडण्याच्या उपचारपद्धतीचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत २०११ मध्ये इपिलिमुमॅब आणि २०१४ मध्ये पेंब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब या, हे ग्राही अडवणाऱ्या प्रतिपिंडांना मान्यता मिळाली. पसरलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) काही रुग्णांना त्यांमुळे अनेक वर्षांचे आयुष्य लाभले. परंतु पुष्कळ रुग्णांत गुण येत नाही किंवा आलेला गुण टिकत नाही. यामागे अनेक कारणे आहेत. त्यांतील एक असे, की लगाम सैल केला तरी वैरणीवाचून घोडा धावत नाही.

टी-पेशींचे इंधन : विश्रांत टी-पेशीची गरज थोडी असते; ती तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) इंधनाचे सावकाश ज्वलन करून भागवली जाते. शत्रूची ओळख पटताच पेशी वेगाने विभागू लागते. नव्या पेशींसाठी प्रथिने, मेद व केंद्रकाम्ले लागतात, म्हणून ती ग्लुकोज झपाट्याने ओढून घेते आणि ऑक्सिजन उपलब्ध असूनही त्यातील बराचसा भाग लॅक्टिक अम्लात रूपांतरित करते. कर्कपेशींची हीच खोड ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात नोंदवली होती. शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतिपेशी मात्र सक्षम तंतुकणिका व मेदाम्लांच्या ज्वलनावर अधिक विसंबतात. शत्रू आणि सैनिक एकाच शिध्यावर जगतात, ही या क्षेत्रातली मूळ अडचण आहे.

गाठीतील परिस्थिती : कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असल्याने तेथे ऑक्सिजन तुटपुंजा असतो आणि लॅक्टिक अम्ल साचते. ग्लुकोजसाठी कर्कपेशी व टी-पेशी यांच्यात चढाओढ होऊन टी-पेशी दुबळ्या पडतात, असे उंदरांवरील दोन अभ्यासांनी २०१५ मध्ये दाखवले. पुढे २०२१ मधील एका अभ्यासाने हे चित्र सुधारले : गाठीत प्रत्येक पेशीमागे सर्वाधिक ग्लुकोज मायलॉइड गटातील प्रतिकारपेशी घेतात, तर कर्कपेशींचा ओढा ग्लुटामिन या अमिनो अम्लाकडे अधिक असतो. पीडी-१ ग्राही स्वतःच टी-पेशीचा ग्लुकोजवापर मंदावतो. उलट, प्रतिकार शमवणाऱ्या नियामक टी-पेशी लॅक्टिक अम्लावरही तग धरतात. त्यामुळे गाठीतील परिस्थिती मारक पेशींना जाचक आणि नियामक पेशींना मानवणारी ठरते.

हस्तक्षेपाचे मार्ग : (१) ग्लुटामिनरोध : डॉन हे ग्लुटामिनरोधक द्रव्य आतड्यांवरील विषारी परिणामांमुळे मागे पडले होते. गाठीत पोहोचल्यावर सक्रिय होणाऱ्या त्याच्या सुधारित रूपाने २०१९ मध्ये उंदरांत कर्कपेशींचा चयापचय कोलमडला. टी-पेशींनी मात्र पर्यायी मार्ग वापरून बळ टिकवले. (२) ॲडेनोसिनरोध : सीडी-३९ व सीडी-७३ या विकरांमुळे गाठीत साचणारे ॲडेनोसिन टी-पेशींना शांत करते; ते तयार होऊ न देणारी व त्याचा ग्राही अडवणारी औषधे चाचण्यांत आहेत. (३) आर्जिनिन : मायलॉइड पेशींतील आर्जिनेज हे विकर टी-पेशींना लागणारे हे अमिनो अम्ल संपवते. आर्जिनिनची पातळी वाढवल्यास टी-पेशी अधिक काळ जगतात, असे प्रयोगांत आढळले आहे. (४) मेटफॉर्मिन : मधुमेहावरील या परिचित औषधाने उंदरांच्या गाठींतील ऑक्सिजनची चणचण कमी होऊन पीडी-१ रोधकाचा परिणाम वाढला.

अपयशाचा धडा : आयडीओ-१ हे विकर ट्रिप्टोफॅन मोडते व त्यातून टी-पेशींना दडपणारे कायनुरेनिन तयार होते. त्याला रोखणाऱ्या एपाकॅडोस्टॅटकडून मोठी आशा होती. मेलानोमाच्या ७०६ रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते पेंब्रोलिझुमॅबच्या जोडीने दिले गेले. परंतु केवळ पेंब्रोलिझुमॅबपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. एक वाट अडवली तर पेशी दुसरी शोधू शकते. म्हणून कोणत्या रुग्णाच्या गाठीत कोणता मार्ग खरोखर निर्णायक आहे, हे आधी ओळखणे आवश्यक आहे.

कार-टी पेशी : या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत कर्कपेशी ओळखणारा कृत्रिम ग्राही बसवून त्या परत दिल्या जातात. पेशी काही दिवस प्रयोगशाळेत असल्याने त्यांचा चयापचय घडवण्याची संधी येथे सर्वाधिक असते. ग्राहीत सीडी-२८ हा घटक असल्यास पेशी ग्लुकोजकडे झुकते व जोमाने पण थोडा काळ लढते. ४-१बीबी हा घटक तंतुकणिका वाढवून तिला दीर्घायुषी करतो, असे २०१६ मध्ये दिसून आले. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या भारतीय उपचारातही ४-१बीबी आहे. त्याला २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे उद्घाटन झाले.

मर्यादा : वरील निष्कर्षांपैकी बरेचसे उंदरांवरील वा प्रयोगशाळेतील आहेत. संवर्धनद्रवातील मुबलक पोषण आणि गाठीतील उपासमार यांत मोठे अंतर असते. साखर सोडल्याने गाठ उपाशी मरेल, ही समजूतही या संशोधनातून सिद्ध होत नाही. आहारात साखर नसली तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तातील पातळी राखते. उपचार सोसण्यासाठी रुग्णाला पुरेसे पोषण मिळालेच पाहिजे. उपासमार घडवायची ती रुग्णाची नव्हे, कर्कपेशीची. आणि तीही लढणाऱ्या टी-पेशीच्या तोंडचा घास न काढता.