सोळाच्या स्पीडवर

मुंबईत आज सत्तरीच्या आसपासचा, तरुणपणी मानेवर केस रुळवलेला कुठलाही गृहस्थ गाठा. २६ मार्च १९८० च्या रात्री आपण रंगभवनात होतो, असंच तो सांगेल. त्या रात्री धोबीतलावच्या त्या उघड्या नाट्यगृहात ‘द पोलीस’ हा बँड वाजवून गेला. स्टिंग, अँडी समर्स आणि स्टुअर्ट कोपलँड, अशी तीनच माणसं. कार्यक्रम भरवला होता टाइम अँड टॅलेंट्स क्लब या स्त्रियांच्या धर्मादाय संस्थेने. ‘आम्ही होतो’ असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे खरोखरच आत असते तर चेंगराचेंगरीच झाली असती. माझा मधला काका मात्र सरळ सांगतो, “मी बाहेर रस्त्यावर होतो. नाट्यगृहाला छप्पर नाही म्हटल्यावर तिकीट कशाला काढायचं?”

काका गिरगावातला, चाळीतला. मुंबईच्या रॉकचा विषय निघाला की लोक कुलाबा आणि वांद्र्याचीच नावं घेतात, ते फारसं चूकही नाही. पण ठाकुरद्वार, चिराबाजार करत सरळ चालत गेलं की धोबीतलाव येतं. तिथे फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानाच्या काचेआड गिटारी टांगलेल्या असत, आणि आसपासच्या गोवेकरांच्या कुडांमधून ट्रम्पेटचा रियाज ऐकू येई. तो रस्ता काकाने किती चपला झिजवून तुडवला, ते आजीला माहीत.

परदेशी गिटार परवडण्याचा प्रश्नच नव्हता. कलकत्त्याची गिवसन, तीही चौथ्या हाताची. तारा महाग, म्हणून जुन्या तारा सोडवून, गुंडाळून पाण्यात उकळायच्या. घामाचा मळ सुटतो आणि दोन-तीन दिवस तार पुन्हा खणखणीत बोलते. काका हा उद्योग भाताच्या पातेल्यात करी. आजीने ते पाहिलं तेव्हा पातेलं बाटलं म्हणून गिटारीसकट काकाला गॅलरीत काढलं होतं म्हणे. ही गोष्ट दर वेळी थोडी वाढते. मागच्या गणपतीत त्यात शेजारचे लोकही मध्यस्थीला आले होते.

पण मला आवडते ती सोळाच्या स्पीडची गोष्ट. त्या काळच्या रेकॉर्ड प्लेअरवर चार वेग असत: १६, ३३, ४५ आणि ७८. सोळाचा वेग बहुतेक घरांत कुणी वापरतच नसे. काका आणि त्याचे मित्र एलपी तेहतीसऐवजी सोळावर लावत. वेग बरोबर निम्मा होतो, त्यामुळे सूर तेच राहतात, फक्त एक सप्तक खाली उतरतात. गाणारा रेड्यासारखा हंबरतो, पण गिटारीची जी तान एरवी कानाला न सापडता निसटून जायची, तिचा एकेक स्वर सुटा होऊन समोर येतो. तो गिटारीवर शोधायचा, बोटाने सुई उचलायची, पुन्हा मागे ठेवायची. असं करत आठवडाभरात एक तान बसायची, आणि तोवर रेकॉर्डच्या त्या जागेवर कायमची खरखर बसलेली असायची. काका अजून ती तान तोंडाने म्हणून दाखवतो तेव्हा खरखरीसकट म्हणतो.

मुंबईतले बँड नुसत्या नकला करायचे, असं आता नाक मुरडून लिहिलं जातं. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी जी बीट काँटेस्ट व्हायची, तिच्या १९७० आणि ७१ सालच्या तबकड्या आता परदेशातले शौकीन शोधत असतात, आणि तिथेही त्यांना स्वतंत्र गाणी हवी असतात, नकला नकोत. मला हे नाक मुरडणं पटत नाही. मूळ बँड इथे यायचे नाहीत, त्यांच्या सगळ्या एलपी इथे निघायच्या नाहीत. मग ‘सेम टू सेम’ वाजवणारा बँड हीच इथल्या लोकांसाठी मैफल होती. शिवाय ज्या गिरगावात ‘अगदी बालगंधर्वांसारखं म्हणतो’ ही एखाद्या गाणाऱ्याची सर्वांत मोठी तारीफ, तिथे काकाच्या मित्राला ‘अगदी रेकॉर्डसारखं वाजवतो’ म्हटलं तर त्यात कमीपणा कसला?

मूळ माणसं कधीतरी येतही. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि एका रात्री कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवलंही. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर आलं थेट २०१५ साली. मी ते काकाला ऐकवलं. तबला सुरू होताच तो थबकला, मग म्हणाला, “ही आपली माणसं. यांना सोळावर लावायची गरज पडली नसणार.”

आणि नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी नाटकाच्या घरातला, आणि गळा अस्सल रॉकचा. ‘व्हेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेजेस’ अशा बँडांमधून गायलेला. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्यूडास झाला, आणि १९७८ मध्ये पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, अंकुश. काकाच्या मते ही त्याच्या स्वतःच्या आयुष्यातली सर्वांत सोयीची घटना. तोवर घरात रॉक म्हणजे थेरं होती. ‘तमाशा’ पाहून आल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, “हा भेंड्यांचा मुलगा गातो बरं का!” त्यानंतर काकाची गिटार गॅलरीतून माजघरात आली.

मळवलीच्या ‘स्नेहयात्रे’बद्दल, लोणावळ्यापलीकडच्या १९७१ च्या त्या रॉक मेळ्याबद्दल, काका फारसं बोलत नाही. विचारलं की लोहगडाकडे विषय वळवतो. काकूसमोर तर मुळीच नाही.

माझ्या वाट्याला रंगभवन आलं ते नव्वदच्या दशकात, ‘इंडिपेन्डन्स रॉक’च्या निमित्ताने. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला ते भरायचं. ऑगस्टचा पाऊस, काळे टी-शर्ट अंगाला चिकटलेले, आणि कुणी नवं स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून आरडाओरडा, ओळखीचं वाजवा! म्हणजे काकाच्या पिढीचीच मागणी. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या शेजारी झेवियर्स, कामा रुग्णालय आणि किल्ला कोर्ट, तिन्ही. तिथलं वाजवणं बंद पडलं. नियम योग्यच होता. कामामधल्या बाळंतिणींचं कुणीतरी ऐकायलाच हवं होतं. तरी चुटपूट लागायची ती लागलीच.

७ एप्रिल २००३ ला रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, तेव्हा मी काकाला घेऊन गेलो. तिकीट काढून, आत. मिक जॅगर एकोणसाठ वर्षांचा होता, काका पन्नाशी ओलांडलेला. पहिली काही गाणी काका खुर्चीवर उभा होता. मग खाली बसला, डोळे मिटले, डाव्या हाताची बोटं मांडीवर, गिटारीच्या पडद्यांवरून सरकावीत तशी सरकू लागली. एका गाण्यात ती मध्येच थांबली. त्याने डोळे उघडले, कपाळाला आठी घातली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला, “हे रेकॉर्डमध्ये असं नाहीये!”

“अरे काका, ते त्यांचंच गाणं आहे,” मी म्हणालो.

“असेल,” काका म्हणाला. “आमचा ग्रुप असं चालू द्यायचा नाही.”