जमीन नाही, आकाश नाही, फक्त नर्तक

१/८
अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात रिओ ग्रांदे नदीजवळ सान इल्डेफॉन्सो हे प्वेब्लो आदिवासींचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील काही तरुण कागदावर जलरंगांनी आपल्या गावची नृत्ये रंगवू लागले. त्यांनी कलाशाळेची पायरीही चढलेली नव्हती.

२/८
या चित्रांत जमीन नाही, आकाश नाही, सावली नाही. कोऱ्या कागदावर नर्तकांची रांग, आणि सपाट, स्वच्छ रंग. मात्र पोशाखातील प्रत्येक पीस, हातातील प्रत्येक खुळखुळा बारकाईने रेखाटलेला.

३/८
हा सपाटपणा अज्ञानातून आला का? नाही. या चित्रकारांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मातीची भांडी रंगवली जात. आवा त्सिरेह (१८९८–१९५५) यांची आई कुंभारकाम करी. ठाम रेषा आणि आकारांची लय त्यांच्या डोळ्यांत लहानपणीच भिनली होती. किवा, म्हणजे विधींसाठीची दालने. त्यांच्या भिंतींवरही प्राचीन काळापासून चित्रे काढली जात.

४/८
आवा त्सिरेह यांचे मामा क्रेसेन्सिओ मार्टिनेझ पुरातत्त्वीय उत्खननांवर मजुरी करत. १९१७ मध्ये संशोधक एडगर ह्यूएट यांनी त्यांच्याकडे गावातील नृत्यांची चित्रमालिका मागितली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत क्रेसेन्सिओ गेले. मालिका अपुरीच राहिली.

५/८
टोनिटा पेन्या (१८९३–१९४९) या पिढीतील एकमेव नामांकित स्त्री. स्त्रियांनी भांड्यांवर नक्षी काढावी, मानवाकृती पुरुषांनी रंगवाव्यात, असा रिवाज होता. टोनिटांनी तो मोडला आणि नाचणाऱ्या स्त्रियांनाही कागदावर आणले.

६/८
होपी जमातीचे फ्रेड काबोटी यांना सांता फे येथील सरकारी निवासी शाळेत धाडण्यात आले. मुलांना त्यांच्या संस्कृतीपासून तोडणे हेच अशा शाळांचे धोरण होते. तेथे अधीक्षकांच्या पत्नी एलिझाबेथ डीहफ यांनी काही मुलांना स्वतःच्या घरी रंग व कागद दिले. काबोटींनी रंगवले ते गावचे नर्तक. घरची ओढ त्यांनी अशी भागवली.

७/८
१९२० मध्ये ही चित्रे न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झळकली. पुढच्याच वर्षी आदिवासी व्यवहार आयुक्त चार्ल्स बर्क यांनी आदिवासींच्या नृत्यांना आवर घालण्याचे परिपत्रक काढले. भिंतीवर टांगलेला नर्तक कौतुकास पात्र. अंगणात नाचणारा मात्र शासनाच्या डोळ्यांत सलणारा!

८/८
१९३२ मध्ये सांता फेच्या त्याच शाळेत डोरोथी डन यांनी चित्रकलेचा वर्ग सुरू केला. तेथे सपाट शैलीलाच ‘अस्सल आदिवासी’ मानले गेले. पहिल्या पिढीने स्वतः घडवलेली रीत पुढच्या पिढीसाठी चौकट बनली, आणि काही विद्यार्थ्यांना ती जाचू लागली. म्हणूनच पहिली चित्रे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे : त्यांत काय असावे आणि काय वगळावे, हे त्या चित्रकारांनी स्वतः ठरवले होते.