तिकडे नाच, इकडे तह

इंग्रजीत कादंबऱ्यांची एक खुसखुशीत जात आहे. तीत सरदार-उमराव असतात, उपवर मुली असतात, त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या खमक्या आत्या असतात. आणि अखेर सारे गैरसमज मिटून, आपल्या भाषेत सांगायचे तर, अक्षता पडतात. ही जात नावारूपाला आणली ती जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या लेखिकेने. तिच्या पुष्कळशा गाजलेल्या कथा १८११ ते १८२० या वर्षांच्या आसपास घडतात. राजा तिसरा जॉर्ज वेडा झालेला, युवराज त्याच्या नावाने कारभार पाहणारा, आणि लेकीला ‘आल्मॅक्स’ या नाचघराचा परवाना मिळावा म्हणून लंडनच्या आया देव पाण्यात घालून बसलेल्या!

आम्हां मालवणकडच्या माणसांना ही सनावळी निराळ्याच कारणाने पाठ. १८१२ साली करवीरकरांना मालवण इंग्रजांच्या हवाली करावे लागले. त्याच साली सावंतवाडीकरांच्या हातून वेंगुर्ले गेले, लढाऊ गलबतेही गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. तिकडे नाच, इकडे तह!

या दोन जगांत वावरलेला एक माणूस हेयरबाईंच्याच कादंबरीत भेटतो. ‘ॲन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या कादंबरीत वॉटर्लूच्या लढाईआधी ब्रसेल्सला झालेला, १५ जून १८१५चा प्रसिद्ध नाच आहे. तिथे हसतमुखाने हिंडणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा आपला जुना ओळखीचा वेलस्लीच.

मग अशी हसरी दरबारी कादंबरी मराठीत का रुजली नाही? सामग्रीची वाण होती म्हणावे, तर तसेही नाही. तिसऱ्या खेम सावंतांचे लग्न १७६३ साली जयाजी शिंद्यांच्या कन्येशी, लक्ष्मीबाईंशी झाले. त्या सोयरिकीमुळे दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहाद्दर’ किताब आला. सासुरवाडीकडून चालत आलेला किताब! विनोदी लेखकाला आणखी काय हवे? खेळायला वाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेली गंजिफा होती. दशावतारी डावात दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, मिळून १२० गोल पाने.

पण पुढचे पान उलटले की हात थबकतो. १८०३ मध्ये खेम सावंत निपुत्रिक वारले. १८०५ मध्ये लक्ष्मीबाईंनी दत्तक घेतलेले मूल पुढे अंथरुणातच गळा दाबून मारले गेले. आमच्या ऐतिहासिक कादंबरीचा आवाज जड झाला तो उगाच नव्हे. ‘स्वामी’ (१९६२) मधले माधवराव-रमाबाईंचे कोवळे प्रेमही चितेपाशीच संपते. इंग्रज उमरावांचे वाडे शाबूत राहिले, म्हणून त्यांची थट्टा त्यांना परवडली. आम्ही गेलेल्या घराविषयी लिहितो.

तरीही हे उत्तर मला पुरे वाटत नाही. हेयरबाईंची ‘फ्रायडेज चाइल्ड’ १९४४ साली, ऐन महायुद्धात निघाली. पुढे रुमानियातल्या एका राजबंदी स्त्रीने तीच गोष्ट तुरुंगातल्या सोबतिणींना पुन्हा पुन्हा सांगून त्यांचा धीर टिकवला. म्हणजे हलकी गोष्ट सुखवस्तूंचीच मिरास नव्हे. दुःखातही ती उपयोगी पडते.

म्हणून वाटते, गंजिफाचा डाव हरल्यावर फुरंगटून बसलेली एखादी मानकऱ्याची लेक मराठी कादंबरीत यायला हरकत नाही. १८१२ साली सदरेवर तहाचा कागद वाचला जात असेल. पण त्या दिवशीही माजघरात कोणीतरी कोणाची तरी थट्टा केलीच असेल. तेही आमच्याच इतिहासातले आहे.