खटल्यापासून 'केस'पर्यंत : विपणन व व्यूहरचनेच्या अध्यापनातील एका पद्धतीचा इतिहास

विपणन आणि व्यवसाय-व्यूहरचना हे विषय शिकविताना जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत 'केस'चा आधार घेतला जातो. एखाद्या उद्योगासमोर प्रत्यक्ष उभा राहिलेला पेच काही पानांत मांडावयाचा, विद्यार्थ्यांनी तो आधी वाचून यावयाचा आणि आपण त्या जागी असतो तर कोणता निर्णय घेतला असता याची वर्गात चर्चा करावयाची, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप आहे. तिच्या अध्यापनमूल्याविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र केस हा एक ऐतिहासिक दस्तऐवजही असतो. तो कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या संमतीने लिहिला, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. या दुर्लक्षाचे मूळ पद्धतीच्या जन्मकथेतच आहे.

ही पद्धती मूळची व्यापाराची नव्हे, कायद्याची. हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन म्हणून १८७० मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी व्याख्यानांऐवजी मूळ न्यायनिर्णय विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास प्रारंभ केला. करारविषयक निर्णयांचा त्यांचा संग्रह १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी जे वाचत होता ते त्याच्या अध्यापकाने रचलेले नव्हते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. दोन पक्षांनी एकमेकांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केलेला, न्यायाधीशांनी सकारण निकाल दिलेला आणि कोणासही पडताळून पाहता येईल असा तो सार्वजनिक अभिलेख होता.

हार्वर्ड बिझनेस स्कूलची स्थापना १९०८ मध्ये झाली. पहिले डीन एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते. कायद्याच्या वर्गातील चर्चापद्धती व्यापार-शिक्षणातही यावी, अशी त्यांची इच्छा होती. पण व्यापाराचे निकालपत्र कोठे मिळणार? १९११-१२ च्या सुमारास प्रकाशक आर्च शॉ यांच्या पुढाकाराने व्यापारी स्वतःच वर्गात येऊन आपली अडचण सांगू लागले व विद्यार्थी तीवर लेखी उपाय सुचवू लागले. पुढे १९१९ मध्ये डीन झालेले वॉलेस डॉनहॅम हे स्वतः हार्वर्ड लॉ स्कूलचे पदवीधर. विपणनाचे पाठ्यपुस्तक लिहिण्याच्या तयारीत असलेल्या मेल्विन कोपलंड यांना त्यांनी त्याऐवजी समस्यांचा संग्रह करण्यास सांगितले आणि १९२० मध्ये तो 'मार्केटिंग प्रॉब्लेम्स' या नावाने निघाला. विपणन हा विषय अशा रीतीने या पद्धतीच्या अगदी आरंभापासून तिच्याशी जोडला गेला. संस्थेच्या संशोधन विभागातील मंडळी कारखान्यांतून आणि दुकानांतून केसेस गोळा करू लागली. १९२१ मधील 'जनरल शू कंपनी' ही या प्रयत्नातील पहिली लिखित केस मानली जाते.

या स्थित्यंतरात पद्धतीचे नाव तेच राहिले, पण साधन बदलले. व्यापारी केसमध्ये प्रतिवादी नसतो आणि न्यायाधीशही नसतो. माहिती कंपनीकडून मिळते, लेखन अध्यापक करतो आणि प्रकाशनापूर्वी कंपनीची संमती घ्यावी लागते. बऱ्याचदा नावे बदलली जातात, आकड्यांवरही पडदा टाकला जातो. हे सारे व्यवहारतः अपरिहार्य आहे. त्याशिवाय कोणती कंपनी आपले दरवाजे उघडील? परंतु अपयशाची कहाणी छापण्यास राजीखुशीने संमती देणारे थोडेच, आणि नाव बदललेल्या कंपनीची कागदपत्रे तपासण्यास पुढचा अभ्यासक जाणार तरी कोठे? पहिला डीन इतिहासकार असूनही इतिहासकाराची साधनचिकित्सा वर्गात रुजली नाही, हा या कथेतील विरोधाभास होय.

भारतात ही पद्धती प्रामुख्याने अहमदाबादमार्गे आली. भारतीय व्यवस्थापन संस्था, अहमदाबाद ही १९६१ च्या डिसेंबरात स्थापन झाली. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने हार्वर्ड बिझनेस स्कूलशी सहकार्य केले; त्याच वर्षी निघालेल्या कलकत्त्याच्या संस्थेचा सहयोग मॅसॅच्युसेट्सच्या स्लोन स्कूलशी होता. अहमदाबादच्या अध्यापकांना हार्वर्ड येथे प्रशिक्षण मिळाले, तरी अमेरिकन केसेसवर भागणार नाही हे लवकरच उमगले आणि भारतीय केसेसच्या लेखनास आरंभीच्या काळातच चालना मिळाली. कारण बाजारच वेगळा होता. अमेरिकन केसचा गाभा स्पर्धा हा होता. येथे उत्पादनक्षमता सरकारी परवान्याने ठरत होती. १९६४ मध्ये हार्वर्डची पदवी घेतलेल्या राहुल बजाज यांनी १९६८ मध्ये बजाज ऑटोची धुरा सांभाळली, तेव्हा पुण्याजवळील आकुर्डीच्या त्या कारखान्याच्या स्कूटरसाठी गिऱ्हाइके वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. माल कसा खपवावा, हा हार्वर्डच्या वर्गातला प्रश्न. आकुर्डीत तो उलटा झाला होता : मागणी आहे, पण माल बनविण्याची परवानगी नाही. ग्राहकाचे मन वळविण्याच्या कलेला त्या बाजारात फारसे काम नव्हते.

दुचाकींच्याच बाजारातील दुसरे एक प्रकरण मात्र व्यूहरचनेच्या वर्गांत सर्वत्र गाजले. ब्रिटिश मोटारसायकल उद्योग कोसळत असताना त्या देशाच्या सरकारने बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपकडून अहवाल मागविला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने जपानी कंपन्यांच्या, विशेषतः होंडाच्या, यशाची मीमांसा केली : देशांतर्गत बाजारात प्रचंड उत्पादन, त्यातून घटलेला खर्च आणि छोट्या गाड्यांच्या जोरावर अमेरिकेत पद्धतशीर शिरकाव. या अहवालाच्या आधारे केस तयार झाली आणि दूरदृष्टीच्या व्यूहरचनेचा आदर्श म्हणून ती शिकविली जाऊ लागली.

रिचर्ड पास्कल यांनी सप्टेंबर १९८२ मध्ये टोकियोस जाऊन, होंडाच्या अमेरिका-प्रवेशाची जबाबदारी सांभाळलेल्या सहा अधिकाऱ्यांनाच गाठले. त्यांनी सांगितलेली हकीकत अगदी निराळी होती. १९५९ मध्ये लॉस एंजेलिस येथे आले तेव्हा त्यांच्यापाशी ठरीव योजना अशी नव्हतीच. परकीय चलनावरही जपानी सरकारचे कडक निर्बंध होते. त्यांना मोठ्या गाड्या विकावयाच्या होत्या. पण अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या, वेगवान वापरात त्या गाड्यांतून तेल गळू लागले व क्लच निकामी होऊ लागले. ५० सीसीची छोटी सुपर कब हे अधिकारी स्वतःच्या किरकोळ कामांसाठी वापरीत. तिच्याविषयी विचारणा होऊ लागली आणि मोठ्या गाड्यांचा आधार तुटल्यावर त्यांनी नाइलाजाने तीच विकावयास काढली. १९६३ च्या प्रसिद्ध जाहिरात-मोहिमेची कल्पनाही, या हकीकतीनुसार, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने वर्गातील स्वाध्याय म्हणून तयार केली होती.

पास्कल यांचा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हेन्री मिंट्झबर्ग यांच्यासारख्या विचारवंतांनी, व्यूहरचना आधी आखली जात नसून कृतीतून घडत जाते, या प्रतिपादनासाठी त्याचा आधार घेतला. येथेही थोडी सावधगिरी आवश्यक आहे. यशस्वी झालेल्या माणसांनी तेवीस वर्षांनंतर सांगितलेल्या त्या आठवणी आहेत. भाबड्या धडपडीची गोष्ट ही नियोजनाच्या गोष्टीइतकीच आकर्षक असू शकते. छोट्या गाडीची मागणी अमेरिकेत योगायोगाने लक्षात आली असेल, पण ती मागणी पुरविणारा प्रचंड कारखाना जपानमध्ये आधीच उभा होता, आणि तो योगायोग नव्हता.

ख्रिश्चन्सन व पास्कल यांनी १९८३ मध्ये 'होंडा (अ)' व 'होंडा (ब)' अशा दोन केसेस सिद्ध केल्या. पहिलीत अहवालाची बाजू, दुसरीत अधिकाऱ्यांची. एकाच घटनेच्या दोन कैफियती विद्यार्थ्यापुढे येण्याची ही दुर्मीळ वेळ होती. लँगडेल यांच्या वर्गात हा रोजचा क्रम होता. तरीही दोन्ही कैफियती विजेत्याच्या यशाविषयीच्या आहेत. ज्या उद्योगासाठी मूळ अहवाल मागविला गेला, त्यातील मेरिडेन येथील ट्रायम्फचा कारखाना बंद पडू नये म्हणून कामगारांनी १९७३ मध्ये ताब्यात घेतला आणि १९७५ पासून सहकारी तत्त्वावर चालविला. १९८३ मध्ये, म्हणजे होंडाच्या या दोन केसेस तयार झाल्या त्याच वर्षी, तो बंद झाला. त्यांची बाजू सांगणारी 'होंडा (क)' त्या मालिकेत आली नाही.