साखर न घातलेला चहा



इंग्रज म्हटलं की आपल्याला आधी राज्य आठवतं, मग रेल्वे, मग कोहिनूर. मला मात्र त्यांच्या घरातली एक साधी गोष्ट फार आवडते, ती म्हणजे त्यांचा रोजचा चहा. हॉटेलात चांदीच्या ट्रेमधून येणारा नव्हे, तर स्वयंपाकघरातल्या मगमधला. भाचीकडे लेस्टरला राहिले तेव्हा तो जवळून पाहिला. मगमध्ये टी-बॅग टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि थोडं थंड दूध घालायचं. आलं नाही, वेलची नाही, गॅसवर उकळणं तर नाहीच. आपल्या जिभेला तो अगदी मिळमिळीत लागतो. पण त्यामागचा भाव मिळमिळीत नाही. पाहुणा आला, केटल लावली. वाईट बातमी आली, केटल लावली. पावसात भिजून घरी आलं, तरी आधी केटलच. नळ दुरुस्त करायला माणूस आला तर त्यालाही पहिल्यांदा "चहा घेणार ना?" असं विचारतात आणि घरातल्याच मगमध्ये देतात. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा कप अजूनही कितीतरी घरांत वेगळा असतो, म्हणून ते माझ्या विशेष लक्षात राहिलं.

हा चहा त्यांच्याकडे फार जुना नाही. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने २५ सप्टेंबर १६६० रोजी आपण चहा प्यायल्याची नोंद रोजनिशीत केली, तेव्हा ते नवलाईचं चिनी पेय होतं. दोन वर्षांनी पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा दुसऱ्या चार्ल्स राजाची राणी झाली. तिला माहेरपासूनच चहाची सवय होती, आणि तिच्यामुळे दरबारी बायकांमध्ये चहाची चाल वाढली. याच लग्नाच्या करारात पोर्तुगिजांनी आपली मुंबई इंग्रज राजाला देऊन टाकली. म्हणजे त्यांचा चहा आणि आपली मुंबई एकाच हुंड्याच्या यादीशी जोडलेली आहेत!

सुरुवातीला चहा इतका महाग होता की तो कुलपाच्या पेटीत ठेवत आणि किल्ली घरच्या बाईकडे असे, आपल्या आजीच्या कमरेला कोठीची किल्ली असायची तशीच. पुढे १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला आणि चहा साध्या माणसाच्या घरात पोहोचला. चहाबरोबर साखरही पोहोचली. माझा खरा विषय इथूनच सुरू होतो.

ही साखर वेस्ट इंडीजच्या बेटांवरून यायची. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं तिथे उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबत. मारहाण, उपासमार आणि कष्ट यांनी ती इतकी मरत की मळेवाले सतत नवी माणसं विकत आणत. १७९१ मध्ये हा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या माणसाने एक छोटी पुस्तिका काढली. तिचं सांगणं असं, की संसद ऐकत नसेल तर आपण साखर खाणं सोडू. त्याने घरगुती हिशेबही मांडला होता. आठवड्याला ५ पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल.

हा हिशेब बायकांना लगेच समजला. त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता, संसदेत जागा नव्हती, पण साखरेचं भांडं त्यांच्याच हातात होतं. घरोघरी बिनसाखरेचा चहा सुरू झाला. या चळवळीतले एक कार्यकर्ते थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे ३ लाख लोकांनी साखर सोडली. लोकांनी चेष्टाही केली. १७९२ मध्ये जेम्स गिलरेने एक व्यंगचित्र काढलं. त्यात राणी मोठ्या कौतुकाने आपल्या मुलींना बिनसाखरेचा चहा पाजते आहे आणि मुलींची तोंडं वाकडी झाली आहेत. आपण पहिल्यांदा आयंबिल केलं तेव्हा घरातल्या मुलांनी जशी तोंडं केली होती, तशीच!

आपल्याकडे बाह्य तपात रसपरित्याग सांगितला आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं काही सोडायचं आणि जिभेवरचा ताबा वाढवायचा. त्या बायकांनी आपला धर्म ऐकलाही नव्हता. त्यांचा त्याग जीभ जिंकण्यासाठी नव्हता, तर न पाहिलेल्या माणसाच्या पाठीवरचा एक फटका कमी व्हावा यासाठी होता. पण सोडताना लागणारं मनाचं बळ तेच.

१८०७ मध्ये गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला, पण मळ्यांतली गुलामी चालूच राहिली. तेव्हा पुढे आली लेस्टरची एलिझाबेथ हेरिक. तरुणपणी विधवा झालेली, क्वेकर पंथाची, आयुष्यभर साधी राहणी. तिची एक गोष्ट ऐकून आपल्या सगळ्यांना ती जवळची वाटेल. १८०९ मध्ये डर्बीशरच्या बॉन्सल गावात बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ होणार होता. तिने तो बैलच विकत घेतला आणि चिडलेली गर्दी पांगेपर्यंत जवळच्या एका घराच्या बैठकीच्या खोलीत लपवून ठेवला. जीवदया म्हणजे आणखी काय असतं?

१८२४ मध्ये तिने पुस्तिका लिहिली. चळवळीतले मोठे पुरुष म्हणत होते की गुलामी हळूहळू संपवू. ही म्हणाली, हळूहळू नाही, ताबडतोब. सुझाना वॉट्स या मैत्रिणीबरोबर ती लेस्टरमध्ये दारोदार फिरली आणि गुलामांच्या हातची साखर घेऊ नका असं सांगत राहिली. बायकांनी असं घरोघर फिरणं विल्बरफोर्ससारख्या थोर नेत्यालाही शोभेसं वाटलं नाही. पण पैसा बायकांच्या मंडळांकडून येत होता. १८३० मध्ये तिने त्या मंडळांना वर्गणी थांबवायला सुचवलं, आणि मुख्य संस्थेने आपल्या नावातून 'हळूहळू' हा शब्द काढला. १८३१ मध्ये ती वारली. १८३३ मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार बायकांच्या सह्यांचा अर्ज संसदेत गेला आणि त्याच वर्षी कायदा झाला.

हे सगळं सोवळं होतं असं मी म्हणणार नाही. चहाची किंमत चुकवायला इंग्रज व्यापारी चीनला भारतातली अफू पाठवत होते. तिच्यातली माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातूनच जायची. त्या पेल्यातलं एक पाप काही बायकांनी पाहिलं, दुसरं बहुतेकांनी पाहिलं नाही. तरी ज्यांनी विचारलं, त्यांचं मोल कमी होत नाही.

पुढे चहा त्या देशाचा धीर बनला. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४० पासून, माणशी आठवड्याला २ औंस म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम चहापत्ती मिळायची. हे रेशनिंग १९५२ पर्यंत टिकलं. त्याच काळात, १९४६ मध्ये, जॉर्ज ऑर्वेलने चांगल्या चहाचे ११ नियम लिहिले. शेवटचा नियम होता: साखर घालू नका. त्याचं कारण फक्त चवीचं होतं, पण मला तो वाचून हेरिकबाई आठवल्या.

त्यांच्याच लेस्टरमध्ये आज आपलं जिनालय आहे. एका जुन्या चर्चच्या इमारतीत उभं राहिलेलं, आत नाजूक कोरीव खांब, १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेलं. दर्शन घेऊन बाहेर पडले तेव्हा मनात आलं, ती बाई याच रस्त्यांवरून दारं ठोठावत फिरली असेल.

आता आपल्या डब्यातली साखर. ती बीड-परभणीच्या ऊसतोड बायकांच्या कोयत्यातून येते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पाळीत किंवा आजारपणात काम बुडालं तर पैसे कापले जातात, हे त्यातलं एक कारण. आपण कांद्यातला जीव पाहतो, पाणी गाळून पितो. मग साखरेच्या दाण्यामागची ही बाईही आपल्याला दिसायला हवी.

साखर सोडा असं मी सांगत नाही. ज्या चातुर्मासात गोड सोडतात, त्यांनी सोडतेवेळी एकदा त्या बाईचंही नाव मनात घ्यावं. आणि आपल्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत, चहा येईल तेव्हा, ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहाला आपण काय देऊ शकतो हा विषय मी काढणार आहे. तुम्हीही आपापल्या मंडळात काढा.